वहीतला संघ

क्रिकेट मैदानावर बावीस जण खेळतात आणि उरलेला देश घरी बसून संघ निवडतो, ही आपली जुनी वाटणी आहे. न्हाव्याच्या खुर्चीत, हार्बर लाईनच्या दारात, तेराव्याच्या जेवणाच्या पंगतीत, कुठंही दोन मराठी माणसं एकत्र आली की तिसऱ्या मिनिटाला कुणाला तरी संघातून काढून टाकतात. हा उद्योग आपण पिढ्यान् पिढ्या फुकट केला. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की हीच अक्कल माणसं पैसे भरूनही पाजळतील. आणि माणसांनी भरले!

माझं भांडण आहे ते ह्या पैसे भरणाऱ्यांशी. संघ निवडणाऱ्यांशी नाही. मी स्वतः निवडतो, आणि आमच्या सोसायटीत त्या बाबतीत मला थोडाफार मान आहे. (होता. ते पुढं येईल.)

तर आधी भाच्याची हकीकत सांगतो. भाचा सांगलीला, मी नेरूळला. आमच्या गच्चीवरून डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे दिसतात, एवढ्या एका भांडवलावर तो मला क्रिकेटतज्ज्ञ समजायचा. 2022 साली आय.पी.एल.ची सगळी साखळी मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातच उरकली आणि आमच्या स्टेडियमच्या वाट्याला वीस सामने आले. त्या दोन महिन्यांत भाच्याचा दर संध्याकाळी फोन.

"मामा, दव पडलंय का?"

मी गच्चीवर जायचा, पाण्याच्या टाकीवरून हात फिरवायचा आणि "ओलसर आहे" असा अहवाल द्यायचा. त्यावर तिकडे सांगलीत तो दुसऱ्या डावात फलंदाजी करणाऱ्या संघाचे चार फलंदाज घ्यायचा, फिरकी गोलंदाज वगळायचा आणि एका ॲपवर एकोणपन्नास रुपये भरायचा. टाकी गळकी होती, हे आम्हाला जूनमध्ये प्लंबर आला तेव्हा कळलं. तोवर भाच्यानं मेसचे अकरा हजार त्या ओलाव्यात बुडवले होते.

आता ह्यावर शहाणी माणसं म्हणतील, की भाचा कच्चा. त्याला डावपेच ठाऊक नव्हते. नाही हो! डावपेच तोंडपाठ होते. सलामीचा फलंदाज घ्यावा, कारण त्याला जास्त चेंडू मिळतात. सहाव्या क्रमांकावरचा कितीही राक्षस असला तरी त्याच्या वाट्याला कधी कधी सातच चेंडू येतात. शेवटची षटकं टाकणारा गोलंदाज घ्यावा, कारण तेव्हा फलंदाज डोळे मिटून बॅट फिरवतात आणि विकेटा आपसूक पडतात. यष्टिरक्षक असा घ्यावा जो वर फलंदाजीला येतो. नाणेफेक झाल्यावर अकरा जणांची नावं जाहीर होईतो संघ पक्का करू नये. आणि कप्तान नीट निवडावा, कारण कप्तानाचे गुण दुप्पट आणि उपकप्तानाचे दीडपट. हे सगळं बरोबर आहे. एकही चूक काढता येत नाही. आणि नेमकं म्हणूनच निरुपयोगी आहे, कारण हे त्याला ठाऊक होतं तसंच त्या सामन्यावर पैसे लावून बसलेल्या लाखो भाच्यांना ठाऊक होतं.

मी पोस्टात नोकरी केलेला माणूस, आकड्यांना भीत नाही. एका संध्याकाळी हिशेब मांडला. बावीस जणांतून अकरा निवडायचे प्रकार होतात 7,05,432. प्रत्येक प्रकारात कप्तान अकरापैकी कुणीही आणि उपकप्तान उरलेल्या दहांपैकी कुणीही, म्हणजे एकशे दहा तऱ्हा. गुणाकार केला: 7,75,97,520. यष्टिरक्षक हवाच, गोलंदाज हवेतच, प्रत्येकाची किंमत धरून बेरीज शंभराच्या आत बसवायची, असल्या अटी लावल्यावर आकडा खाली येतो. अर्धा करा, पाव करा. तरी जे उरतं त्याला मी कौशल्य म्हणायला तयार नाही. त्याला आमच्या लहानपणी सोडत म्हणत, आणि तिचं तिकीट पानाच्या ठेल्यावर मिळे.

कोर्टानं काय म्हटलंय ते मला ठाऊक आहे. 2017 साली पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयानं निकाल दिला की हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे. कोर्टाचा मान राखून मी एवढंच म्हणतो, की कौशल्य कशाचं, हे पाहायला हवं. लाखो लोक एकाच सामन्यावर पैसे लावतात आणि मोठं बक्षीस वरच्या मूठभरांनाच मिळतं, तेव्हा चांगला खेळाडू ओळखून भागत नाही. विराट कोहली चांगला आहे हे ओळखायला माणूस लागत नाही, आमचा दूधवालाही ओळखतो. तिथं जिंकायला असा कप्तान लागतो, जो इतर कुणी केलेला नाही आणि तरी त्याच दिवशी चालला. म्हणजे आठव्या क्रमांकावरच्या कुणा गोलंदाजानं चुकून पन्नास कराव्यात अशी देवाकडं प्रार्थना करायची! भाचा शेवटी शेवटी हेच करत होता. चांगल्या खेळाडूंवर त्याचा राग बसला. रोहित शर्मा खेळायला लागला की ह्याचा चेहरा पडायचा, कारण रोहित सगळ्यांकडं होता. सांगलीचा मुलगा, भिंतीवर रोहितचं चित्र लावून वाढलेला, आणि तो टीव्हीसमोर बसून "आउट हो, आउट हो" म्हणतो! त्याच्या आईला वाटलं अभ्यासाचा ताण आहे.

अकरा हजारांचं मला तेवढं दुःख नाही. पैसे ही येणारी-जाणारी वस्तू, आणि भाच्याच्या बाबतीत बहुतेक जाणारीच. त्यात ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या रकमेवर अठ्ठावीस टक्के जी.एस.टी. आणि जिंकलं तर जिंकलेल्यातून तीस टक्के आयकर कापून, म्हणजे सरकारचा संघ कुठल्याही सामन्यात हरत नव्हता. दुःख त्या "आउट हो"चं आहे. आपलं माणूस हरावं असं वाटायला लावणारा खेळ मला खेळ वाटत नाही, मग त्याला कुणी काहीही म्हणो.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा केला आणि पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. ड्रीम-इलेव्हन तर भारतीय संघाच्या शर्टावर छापलेलं नाव; त्यांनीही त्याच महिन्यात आपल्या पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. आमच्या सोसायटीतले निवृत्त हेडमास्तर ह्यावर इतके खूश झाले की त्यांनी आमची वहीसुद्धा बंद करावी असा ठराव आणला.

ही वही म्हणजे हिशेबाची लांबट चोपडी. तिच्यात आमची आठ बिऱ्हाडांची स्पर्धा चालते. पैसे नाहीत. जो शेवटचा येईल त्यानं सगळ्यांना मिसळ द्यायची. हेडमास्तरांचं म्हणणं, जुगार तो जुगार, मग पणाला नोट असो की मिसळ. हे गृहस्थ नोकरीची तीस वर्षं नेरूळ ते सी.एस.टी. लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस ठेवून मेंढीकोट खेळले, आणि हरणाऱ्यानं चहा पाजायचा हा नियम त्यांच्याच डब्यात होता. मी सभेत तेवढंच विचारलं. ठराव बारगळला. पण मुद्दा राहतोच, की वही आणि ॲप ह्यांत फरक काय? तो सांगायला थोडं अमेरिकेला जाऊन यावं लागेल.

हा खेळ मुळात बेसबॉलचा. 1980 साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट नावाच्या एका लेखक-संपादकानं आपल्या मित्रांना घेऊन तो सुरू केला. प्रत्येकाला ठरावीक रक्कम, तिच्यातून खऱ्या खेळाडूंचा लिलाव, आणि मग सबंध हंगामभर त्या खेळाडूंच्या खऱ्या कामगिरीची बेरीज. मंडळी ज्या फ्रेंच हॉटेलात जेवायला जमायची त्याचं नाव ला रोटिसरी फ्रान्सेज, म्हणून त्या खेळाला 'रोटिसरी' नाव पडलं. रोटिसरी म्हणजे कोंबडी भाजायची जागा. आमच्या स्पर्धेला 'मिसळ' म्हणतात ते ह्याच शास्त्रीय आधारावर. ह्या ओक्रेंटसाहेबांचं मला आवडतं ते हे, की आपण काढलेली स्पर्धा ते स्वतः कधी जिंकले नाहीत.

तर ह्या खेळात गडी हंगामभर तुमचा. तो एकदा तुम्ही घेतला की दुसऱ्या कुणाकडं नाही. तो पडला तर तुम्ही पडलात, त्याचा पाय मुरगळला तर तुम्ही लंगडलात. इथं कौशल्य लागतं, आणि ते संसाराच्या कौशल्यासारखं असतं. पहिल्या तारखेला सगळा पगार उडवायचा नाही. नाव मोठं म्हणून किंमत द्यायची नाही. आय.पी.एल.चे खरेखुरे मालकही हे विसरतात: 2025 च्या हंगामासाठी लखनौनं ऋषभ पंतला सत्तावीस कोटी दिले आणि त्यानं चौदा सामन्यांत 269 धावा केल्या, त्यातल्या 118 तर शेवटच्या सामन्यात. तोपर्यंत लखनौचं पंचांग संपलं होतं. आमच्या सोसायटीत असल्या खरेदीला 'मोठ्या जावयाची दिवाळी' म्हणतात.

आता गेल्या खेपेची गोष्ट. 2025 च्या महिला विश्वचषकाचे बंगळूरच्या वाट्याचे सामने आयत्या वेळी आमच्या नेरूळला आले. घरात पाहुणा यावा तसे आम्ही धावलो. वही निघाली, सोसायटीच्या ऑफिसात लिलाव झाला. प्रत्येकाला शंभर कागदी रुपये. धावेला एक गुण, विकेटला वीस, झेलाला दहा. सेक्रेटरींनी पहिल्या पाच मिनिटांत स्मृती मानधनावर छप्पन्न रुपये लावले, कारण ती सांगलीची आणि सेक्रेटरी मिरजेचे. मी अभ्यास करून आलो होतो. दक्षिण आफ्रिकेची लॉरा वूल्व्हार्ट अडतीस रुपयांना घेतली, प्रतिका रावल अठराला. सलामीच्या दोघी. माझं धोरण चोख होतं, हे आजही मी छातीवर हात ठेवून सांगतो.

तळमजल्याच्या काकू मेथी निवडत बसल्या होत्या. अर्धा लिलाव होईपर्यंत त्या बोलल्याच नाहीत. आम्हाला वाटलं, त्यांना नावं कळत नाहीत. सगळ्यांचे खिसे रिकामे झाले तेव्हा काकूंनी मान वर करून दीप्ती शर्मा चौदा रुपयांना उचलली.

"काकू, ती काही फार चौके-छक्के मारत नाही हो," मी सावध केलं.

"भाकरी करते नि भांडीपण घासते ना? पुरे."

हे वाक्य मी त्या वेळी हसण्यावारी नेलं. स्पर्धा संपली तेव्हा दीप्तीच्या 215 धावा आणि बावीस विकेटा होत्या. आमच्या गुणांनी, झेल सोडून, साडेसहाशेच्या वर. स्मृतीच्या 434 धावा, वूल्व्हार्टच्या 571, आणि तरी दोघींपेक्षा ही चौदा रुपयांची बाई पुढं. अष्टपैलू खेळाडू हा एका तिकिटात दोन सिनेमे असतो, एवढं सोपं गणित सात बिऱ्हाडांतल्या एकाही पुरुषाला सुचलं नाही.

पण तोवर मी पुढंच होतो. 23 ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्ध, इथं आमच्याच मैदानावर, प्रतिकानं 122 केल्या. त्या रात्री मी लिफ्टमध्ये ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना नमस्कार केला. तीन दिवसांनी, त्याच मैदानावर बांगलादेशाविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना तिचा पाय मुरगळला आणि ती स्पर्धेबाहेर गेली. तिच्या जागी भारतानं शेफाली वर्माला बोलावलं. आमचा नियम असा, की जखमी खेळाडूच्या जागी बदली घ्यायचा पहिला हक्क तिच्या मालकाचा. म्हणजे शेफाली माझ्या दारात येऊन उभी होती.

मी अभ्यास केला. एक वर्ष एकदिवसीय संघात नाही. मूळ पंधरांत नाही. राखीव म्हणूनही नाही. असला गडी कुणी घ्यायचा? मी दक्षिण आफ्रिकेची एक गोलंदाज घेतली. हक्क दुसऱ्यांकडं गेला आणि काकूंनी शेफालीला घेतलं.

"का हो काकू?"

"एकवीस वर्षांची पोर. घरी बसवलेली. आता बोलावलंय. रागात असणार ती."

उपान्त्य सामन्यात शेफालीनं दहा केल्या. मी काकूंकडं सहानुभूतीनं पाहिलं. त्या रात्री जेमिमा रॉड्रिग्ज, जिला ह्याच स्पर्धेत मधे एका सामन्यात बसवलं होतं, तिनं नाबाद 127 करून ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं. बसवलेल्या मुलींचं काय होतं हे मला त्याच वेळी उमगायला हवं होतं.

2 नोव्हेंबरचा अंतिम सामना पावसामुळं दोन तास उशिरा सुरू झाला. सोसायटीच्या हॉलमध्ये टीव्ही लावलेला, सतरा-अठरा माणसं, पोरंटोरं वेगळी. मी 114 गुणांनी पुढं. शेफालीनं 87 केल्या. प्रत्येक चौक्याला हॉल उठून उभा राहायचा, आणि मीही राहायचो, पण जरा उशिरा. 298 झाल्या. मग दक्षिण आफ्रिकेचा डाव, आणि मधेच हरमनप्रीतनं कुठल्या तरी आतल्या आवाजाला मान देऊन चेंडू शेफालीच्या हातात दिला. तिनं दोन विकेटा काढल्या. ह्या डावपेचाला कुठल्या पुस्तकात आधार आहे ते मला कुणी दाखवावं!

तरीही माझी वूल्व्हार्ट एका बाजूनं उभी होती. तिचं शतक झालं. हॉल गप्प बसला होता. एकटाच मी, ती गप्प बसल्यासारखं दाखवत होतो.

आता स्टेडियमजवळ राहण्याचं एक दुखणं सांगतो. टीव्हीवरचं चित्र काही सेकंद मागं असतं आणि मैदानावरची आरोळी खिडकीतून आधी येते. आमच्याकडं प्रत्येक विकेट आधी ऐकू येते आणि मग दिसते. तर टीव्हीवर गोलंदाज अजून मागं चालत जात होती, आणि बाहेरून सबंध स्टेडियमचा एक चित्कार आला. "आई गं" असा. आनंदाचा नव्हे, हातातून काहीतरी निसटल्याचा. झेल उडाला आणि कुणाच्या तरी हातून निसटला, हे मी क्षणात ओळखलं. आणि माझ्या तोंडून, भर हॉलमध्ये, मोठ्यानं आणि निखळ आनंदानं निघून गेलं:

"सुटला!"

पुढच्याच क्षणाला बाहेर आभाळ फाटल्यासारखी आरोळी झाली. मग टीव्हीवर दिसलं: दीप्तीचा चेंडू, वूल्व्हार्टचा उंच फटका, अमनजोत कौर धावत आली, चेंडू हातातून उडाला, पुन्हा उडाला, आणि शेवटी पडता पडता तिनं धरला. 101 वर आउट. हॉल नाचत होता. पण नाचायच्या आधी सतराच्या सतरा माना माझ्याकडं वळल्या होत्या. सौभाग्यवतीसुद्धा. हेडमास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. ह्याला काय म्हणतात ते तीस वर्षं शाळा चालवलेल्या माणसालाच जमतं.

म्हणजे भाच्याचं "आउट हो" आणि माझं "सुटला" एकाच जातीचं निघालं. त्यानं अकरा हजारांसाठी केलं, मी मटकीच्या मिसळीसाठी. हे मी लपवत नाही, कारण लपवायला आता जागाही नाही. पण माझं भांडण मी मागं घेत नाही. भाचा खोलीत एकटा होता. त्याचं "आउट हो" मोबाईलखेरीज कुणी ऐकलं नाही, आणि मोबाईलनं त्याला ताबडतोब पुढच्या सामन्याचं निमंत्रण दिलं. माझं सतरा जणांनी ऐकलं. त्यानंतर तीन दिवस वॉचमन मला 'साऊथ आफ्रिका साहेब' म्हणत होता. वहीत आणि ॲपमध्ये फरक हा इतका आहे, आणि माझ्या मते तो कायद्यानं मोजता येण्यापेक्षा मोठा आहे.

शेवटची विकेटही दीप्तीचीच. पाच बळी आणि आधी 58 धावा. मालिकेची सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. 52 धावांनी भारत जगज्जेता झाला तेव्हा मध्यरात्र झाली होती आणि पाम बीच रोडवरचे हॉर्न सकाळपर्यंत थांबले नाहीत. मीही गच्चीवर जाऊन ओरडलो. मनापासून ओरडलो, हे टाकी साक्षीला ठेवून सांगतो. वहीतली बेरीज दुसऱ्या दिवशी झाली. काकू माझ्यापेक्षा पन्नास गुणांनी पुढं. छप्पन्न रुपये एकीवर लावून उरलेल्या दहा जणींची चव्वेचाळीस रुपयांत भरती करणारे सेक्रेटरी शेवटचे आले.

मिसळ रविवारी झाली. भाचा सांगलीहून मुद्दाम आला होता. तो काकूंच्या शेजारी बसला आणि पाव बुडवता बुडवता त्यांना विचारत राहिला, की आय.पी.एल.च्या वेळी तुम्ही कुणाला घेणार. काकूंनी त्याला नावं सांगितली नाहीत. मग त्यानं आणखी एक सुधारणा सुचवली, की वहीतही कप्तानाचे गुण दुप्पट करावेत, म्हणजे मजा येईल.

"दुप्पट?" काकूंनी आत चहा घेऊन उभ्या असलेल्या काकांकडं एकदा पाहिलं. "आमच्याकडं कप्तानाला निम्मेच मिळतात. आणि संघ चाळीस वर्षं चाललाय."